"दुखतं का" असं विचारणारा माणूस भेटलाय, पण मला हो म्हणता येत नाहीये

तलावाकाठची
२८ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी ३४ वर्षांची, सोलापूरची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात चेकिंगला आहे. टॉवेल शिवून टेबलावर आला की पसरून दोन्ही बाजू बघायच्या, धागा सुटलाय का, तेलाचा डाग आहे का, बॉर्डर वाकडी गेलीय का, मग फ्रेशचा गठ्ठा वेगळा आणि सेकंडचा, म्हणजे खोट निघालेल्यांचा, वेगळा. ११ वर्षं हेच काम, आता नजरेआधी बोटालाच कळतं.

मला कोड आहे. १९ व्या वर्षी घोट्यापाशी टिकलीएवढा पहिला डाग आला, आता दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत, गुडघे, कंबर आणि ओठाच्या कडेला थोडं. ओठाचं क्रीमने झाकते आणि हातांसाठी बारा महिने फुल बाह्यांचे ड्रेस, एप्रिल-मेमध्ये ४३-४४ डिग्रीत पण. कारखान्यातल्या बायकांना वाटतं मला ऊन सोसत नाही.

२०१६ ला माझा साखरपुडा झाला होता. आईने सांगितलं होतं की डागाबद्दल आधी बोलायचं नाही, लग्न झाल्यावर बघू. मग जोडव्यांचं माप द्यायला सराफाकडे गेलो, होणारी नणंद सोबत होती, मी मोजा काढला आणि तिने पाय बघितला. तिथे ती काहीच बोलली नाही, मला रिक्षात बसवून पण दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून फोन आला, आम्हाला फसवलंत म्हणून. मला लग्न मोडल्याचं तेवढं नाही वाटलं जेवढं त्या शब्दाचं वाटलं, कारण ते खरं होतं, आम्ही फसवलंच होतं. त्यानंतर घरात हा विषयच बंद. २०२१ ला दुसऱ्या लाटेत आई गेली, २०२२ ला नानांना, म्हणजे वडिलांना, अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. दादा पुण्यात असतो, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो, दिवाळीला येतो. बाकी सगळं मी.

आता त्याच्याबद्दल. तो आमच्याच कारखान्यात जॉबर आहे, माग बिघडले की दुरुस्त करणारा. ३७ वर्षांचा, घर पूर्व भागात, घरी तेलुगू बोलतात. चार वर्षांपूर्वी त्याचा घटस्फोट झालाय, दोघांच्या संमतीने. शांत माणूस आहे. कधीतरी म्हणाला होता की नानांचं काही लागलं तर फोन करा, तेवढीच ओळख.

मार्चमध्ये एका रात्री दीड वाजता पाणी आलं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळे ते सोडून चालत नाही, मी पाइप लावतेय तोवर नाना बाथरूममध्ये पडले. मला एकटीला उचलेनात, शेजारचे गावाला गेलेले, मी घाबरून त्याला फोन केला. वीस मिनिटांत आला. नानांना उचललं, पुसलं, पलंगावर झोपवलं. आणि मी तोपर्यंत बाह्या वर करून बॅरल भरत होते, ट्यूबच्या उजेडात, माझ्या लक्षातच नाही. लक्षात आलं तेव्हा तो बघत होता. काही बोलला नाही, माझ्या हातातला पाइप घेतला आणि दुसऱ्या बॅरलमध्ये टाकला. निघताना चप्पल घालता घालता विचारलं, "हाताला दुखतं का?"

पंधरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात कुणाला आहे का, पसरणार का, मासे आणि दूध एकत्र खाल्लं होतं का, हे सगळं विचारलंय लोकांनी. दुखतं का हे कुणीच नाही.

त्यानंतर नऊ महिने आम्ही बोलतोय. या महिन्यात त्याने सरळ लग्नाचं विचारलं. आणि मी तेव्हापासून त्याला टाळतेय. खरं सांगायचं तर मी आंघोळ पण लाइट न लावता करते. जे मलाच बघवत नाही ते दुसऱ्याला कसं बघवेल हे डोक्यातून जात नाही. तो चांगला आहे म्हणून दया तर करत नसेल? त्याच्या अम्माला अजून काही माहीत नाही. ऑपरेशन करून घेऊन मग हो म्हणू का? आणि नानांचं काय? मी सेकंडचा गठ्ठा बांधताना रोज हेच डोक्यात असतं. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

मालनकाकू
२९ डिसेंबर, सकाळी ६:१५

बाळा, तुझं वाचलं आणि चहा तसाच गार झाला. मी ५६ ची आहे, कोड आहे २८ वर्षं, म्हणजे लग्नानंतर आलं. माझ्या सासूने तेव्हा मला माहेरी पाठवायचं चालवलं होतं. आमचे हे काही मोठं भाषण करणारे नव्हते, त्यांनी फक्त माझी पिशवी उचलून परत आत ठेवली.

पण खरं सांगू, त्यानंतर त्रास मीच दिला त्यांना. सात-आठ वर्षं. त्यांनी हात धरला की मी सोडवून घ्यायचे, लग्नाला जायचं म्हणलं की डोकं दुखतंय म्हणायचे, त्यांनी साडी आणली की हिचा रंग मला कसा चालेल म्हणून कपाटात. त्यांना माझे डाग दिसत नव्हते असं नाही, दिसायचेच, पण त्यांना त्याच्यापलीकडे मी पण दिसत होते आणि मी ते मान्यच करायला तयार नव्हते. एका उन्हाळ्यात तुळजापूरला जाऊन आलो, पाठ आणि मान उन्हाने भाजून निघाली, डागांवर तर फोड. त्यांनी रात्री खोबरेल लावून दिलं, मी लाइट बंद करा म्हणलं तर म्हणाले अगं मग मला कुठे लावायचं ते दिसणार कसं. मी त्या रात्री लई रडले. तेव्हापासून लाइट चालू असतो.

आता व्यवहाराचं ऐक. परकराची नाडी गच्च बांधू नकोस, जिथे घासतं काचतं तिथे नवीन डाग येतात, माझ्या कमरेला पूर्ण गोल असाच आलाय. चिकटवायची टिकली बंद कर, त्या गोंदाने काहींना कपाळावर पांढरं पडतं, कुंकू लाव नाहीतर काही लावू नको. आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. पांढऱ्या जागेला ऊन लगेच भाजतं, आपल्या गावचं ऊन तुला माहीतच आहे.

त्वचा_ओपीडी
२९ डिसेंबर, दुपारी २:०५

ताई, मी त्वचारोग विभागात काम केलंय, म्हणून फक्त वैद्यकीय भागाबद्दल लिहितो, बाकीचं काकूंनी माझ्यापेक्षा खूप चांगलं सांगितलंय.

कोड म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर हल्ला करते. मासे-दूध, मागच्या जन्मीचं पाप, यांचा काही संबंध नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, संसाराने कुणाला होत नाही. कुष्ठरोगाशी संबंध नाही, त्यातल्या चट्ट्याला संवेदना कमी असते, कोडाच्या डागाला सगळं कळतं. त्याने तुम्हाला दुखतं का विचारलं ना, उत्तर असं की एरवी दुखत नाही, उन्हात भाजलं की दुखतं.

मुलांना होईल का हे उद्या त्याची आई विचारणारच. कोड असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसऱ्या कुणाला कोड नसतं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर धोका इतरांपेक्षा जास्त असतो पण तो साधारण शंभरात ५ ते ८ असा आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना होत नाही. हा आकडा लपवू नका आणि त्याला घाबरू पण नका.

ऑपरेशन म्हणजे चांगल्या त्वचेच्या पेशी किंवा पातळ तुकडा डागावर बसवणं. ते डाग साधारण वर्षभर वाढले नसतील, नवीन आले नसतील तरच करतात, आणि एवढ्या मोठ्या भागाला सहसा पहिला उपाय तो नसतोच. आधी मलम आणि प्रकाशोपचार, म्हणजे ठरावीक अतिनील किरणं, आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि हे महिनोन्महिने चालतं. चेहऱ्याला चांगला गुण येतो, ओठ आणि बोटांच्या टोकांना कमी. कोपरापर्यंतच्या भागाला येऊ शकतो पण कुणी गॅरंटी देत असेल तर तिथून उठून या. बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगणारे भेटतील, मी त्यातून भाजलेले हात बघितलेत. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या, दोन्ही बरोबर असण्याचं प्रमाण बऱ्यापैकी आहे. उपचार जरूर घ्या, पण लग्नाची तारीख त्याच्यावर टांगून ठेवू नका, कारण याचं वेळापत्रक डॉक्टरच्या पण हातात नसतं.

आणि हो, पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली, त्यांना स्वतःलाही कोड आहे. कोड असलेल्या लोकांना एकमेकांशी बोलता येतं तिथे. दादाकडे पुण्याला गेलात तर चौकशी करा.

रोखठोक_जुळे
२९ डिसेंबर, रात्री ९:३०

मी थोडं वेगळं बोलतोय, राग मानू नका. सगळे हो म्हण हो म्हण सांगतील. पण माझ्या सख्ख्या बहिणीचं असंच झालं, तिला पोलिओ आहे पायाला, नवरा स्वतःहून मागणी घालून आला होता, आणि पहिल्याच भांडणात म्हणाला की मी केलं म्हणून नाहीतर तुला कोण करणार होतं. ती आज पण त्याच घरात आहे आणि ते वाक्य पण त्याच घरात आहे.

म्हणून सांगतो, घाई करू नका. दया आहे का प्रेम आहे हे ओळखायचं एकच मला कळलेलं सांगतो, तो तुमच्याकडून काही घेतो का बघा. दया करणारा माणूस फक्त देत राहतो आणि हिशोब ठेवतो. हा त्याच्या अडचणी तुम्हाला सांगतो का, तुमचं चुकलं तर चिडतो का, तुमचा सल्ला ऐकतो का? तुम्ही पूर्ण पोस्टमध्ये त्याने तुमच्यासाठी काय केलं ते लिहिलंय, तुम्ही त्याच्यासाठी काय आहात ते एका ओळीत पण नाही.

दुसरं, यावेळी सगळं आधी सांगा, त्याच्या आईला पण. फसवून लग्न केलं असं म्हणत लोक नंतर कोर्टात जातात. आणि कोर्टाचं सोडा, तुम्ही स्वतः तो शब्द नऊ वर्षं घेऊन बसलाय, परत तो धोका पत्करू नका.

तिसरं, नानांचा विषय दादाशी बोला. पैसे पाठवणं म्हणजे सांभाळणं नाही हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

पूर्वभागातली
३० डिसेंबर, दुपारी १२:२०

अगं कशाला रडलालीस! मी पण तेलुगू विणकर, पद्मशाली घरातलीच आहे, अशोक चौकाच्या बाजूला राहते, आमच्या घरात पण सगळे मागावरचे आणि अम्मा विड्या वळून वळून आम्हाला शिकवलीय. म्हणून सांगते, त्याच्या अम्माला फोनवर सांगू नको आणि त्याला पण सांगायला लावू नको. तो सांगणार म्हणजे पोराला भुरळ घातली असं होतंय बघ. तू जा. संक्रांत आलीच की, तिळगूळ घेऊन जा, हात झाकू नको, बस त्यांच्याजवळ, विड्या वळत असतील तर पानं कापायला घे. आमच्या बायका हाताकडे बघून माणूस ओळखतात.

आणि ते सेकंडचं काय लिहिलीस ते मला लागलं. आमच्या घरात आजपर्यंत एक फ्रेशचा टॉवेल आलेला नाही, सगळे सेकंडचेच, किलोवर घेतलेले. माझ्या दोन्ही पोरांना जन्मल्यावर त्याच्यातच गुंडाळलं होतं. बॉर्डर वाकडी होती. मऊ होते.

दुसरं एक, गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या यात्रेत, अक्षता बघायला जाशील ना? लहानपणापासून बघतो आपण, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न. मंगलाष्टकात सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम आलं की सगळ्यांनी एकदम अक्षता टाकायच्या. ती पोरगी स्वतः जाऊन म्हणाली होती की मला तुमच्याशी लग्न करायचंय. मला लहानपणी त्याचंच नवल वाटायचं, तिला लाज कशी वाटली नाही. आता वाटतं मोठी होती ती. तू पण जा आणि सांग त्याला काय ते, हो तर हो नाही तर नाही, टाळू नको, टाळलं की माणसाला वाटतं त्याच्यातच काहीतरी खोट आहे. त्याचं पण एकदा मोडलंय ना, त्याला पण रात्री झोप येत नसेल.

तलावाकाठची
३० डिसेंबर, रात्री ११:५५

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. रोखठोक दादा, राग नाही आला, उलट तुमचा प्रश्न घेऊन बसले होते दिवसभर. तो माझ्याकडून काही घेतो का.

घेतो. त्याच्या घटस्फोटाचे कागद मी वाचून दिले होते, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि चार वर्षं कुणाला विचारायची लाज वाटत होती. त्याचं लग्न का मोडलं ते फक्त मला माहीत आहे. नवीन मागावर बॉर्डर सारखी वाकडी जात होती तेव्हा माल चेक करून कुठल्या मागाचा दोष आहे ते मी शोधून दिलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता यांच्या बोटाला जे कळतं ते मला पाना घेऊन कळत नाही. आणि चिडतो पण. मी टाळायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी चिडूनच म्हणाला, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण माग बंद पडल्यासारखं गप्प बसू नका.

हे सगळं मला माहीत होतं, पण मी ते धरलंच नव्हतं. पूर्वभागातली ताई, त्याला झोप येत नसेल हे तर माझ्या मनात पण आलं नाही इतके दिवस. मी माझ्याच हाताकडे बघत बसले.

दादाला फोन केला. आधी भांडण झालं.

मालनकाकू
३१ डिसेंबर, सकाळी ६:४०

भांडण झालं ते बरं झालं. बोलत राहा त्याच्याशी. आणि संक्रांतीचं काय झालं ते कळव, मी रोज बघत असते इथे.

तलावाकाठची
१९ जानेवारी, रात्री १०:१०

कळवते म्हणलं होतं म्हणून लिहितेय. सगळं गोड झालंय असं नाही.

अक्षतेच्या दिवशी गेलो होतो, जिथे ते लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापाशी पोचताच आलं नाही एवढी गर्दी, लांबूनच नंदीध्वज बघितले, सत्यम सत्यमला आमच्या हातातल्या अक्षता पुढच्या माणसाच्या टोपीवर पडल्या. तिथेच त्याला हो म्हणलं. त्याला ऐकूच गेलं नाही, परत म्हणावं लागलं, मोठ्याने. बाजूच्या आजीने वळून बघितलं.

मग दोन दिवसांनी अम्माकडे गेले. तिळगूळ घेऊन, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. घरापर्यंत जाताना रिक्षात तीन वेळा खाली केल्या आणि तीन वेळा वर केल्या. अम्मा दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी हाताकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, परत सुपाकडे. मी कात्री घेऊन पानं कापायला बसले, पत्र्याचा फर्मा ठेवून त्याच्या मापाने कापायचं असतं, माझी पहिली आठ-दहा पानं वाया गेली. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग त्यांनी विचारलं, याच्यामुळे पहिलं मोडलं काय? मी हो म्हणलं, आणि आम्ही लपवलं होतं हे पण सांगितलं. हे बोलताना आवाज गेला माझा. मग पोरांना होईल काय विचारलं, तर ओपीडी दादांनी दिलेला आकडा तसाच सांगितला, शंभरात ५ ते ८. त्यांनी मान हलवली. मला जरा दिवस दे म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, पण हसून पण नाही. निघताना शेंगा चटणीचा डबा दिला आणि डबा परत आणून दे असं दोनदा बजावून सांगितलं. तो म्हणतो अम्मा ज्याला परत बोलवायचं नसतं त्याला कागदात बांधून देते. मला माहीत नाही, पण डबा धुऊन ठेवलाय.

दादा रथसप्तमीनंतर आठ दिवस येतोय, नानांची मालीश, औषधं, पाणी सगळं स्वतः करून बघणार आहे, वहिनी पण तयार आहे म्हणाला. पुढचं त्यानंतर ठरवू. नानांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला. बोलता नीट येत नाही त्यांना, त्यामुळे तेवढंच.

थायरॉइडची तपासणी केली, थोडं जास्त निघालं, गोळी चालू झाली. प्रकाशोपचारासाठी पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात नाव घालणार आहे. लाइट लावून आंघोळ अजून रोज जमत नाही, आठवड्यात दोनदा जमली.

आणि आज टेलरकडे दोन ड्रेस टाकले. नेहमीप्रमाणे फुल बाही का विचारलं त्याने. कोपराच्या वर ठेवा म्हणलं. काकू, ते सनस्क्रीन सकाळी एकदा लावलं की दिवसभर चालतं का, का दुपारी परत लावावं लागतं?

मालनकाकू
२० जानेवारी, सकाळी ६:०५

दुपारी परत लाव. दर दोन-तीन तासांनी लावलं तर अजून चांगलं. आणि मानेला विसरू नकोस, मी विसरायचे.